साइड-बाय-साइडचं सस्पेन्शन खडकाळ वाटांसाठी मऊ करायचंय, कुठून सुरुवात करू?

लालमाती_युटा

नमस्कार मंडळी,

सॉल्ट लेकजवळ राहतो. वापरलेली पोलारिस आरझेडआर एक्सपी ४ १००० घेतली आहे, २०१६ची, चार सीटची साइड-बाय-साइड (कच्च्या वाटांसाठीची उघडी गाडी). गाडी तब्येतीने उत्तम, इंजिनाबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती दणक्यांची. मोआबला सँड फ्लॅट्समध्ये आणि घराजवळच्या डोंगरात दगडगोट्यांच्या वाटेवर ताशी १०-१२ मैलांनी चाललो तरी प्रत्येक मुठीएवढा दगड स्टिअरिंगमध्ये आणि कमरेत जाणवतो. मागे बसलेल्या मुलीची तर मान हलते नुसती.

शॉक मूळचेच आहेत, वॉकर इव्हान्सचे, पुढे २ इंची आणि मागे अडीच इंची. त्यांच्यावर १६ खाचांचा कॉम्प्रेशनचा (शॉक दबताना होणारा विरोध कमी-जास्त करायचा) नॉब आहे. चारही नॉब सगळ्यात मऊ खाचेवर नेऊन पाहिले. मोठ्या, सावकाश उंचवट्यांवर थोडा फरक पडला, दगडांवर जवळजवळ नाहीच.

उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून येतायत. त्यांना कोलोरॅडोत अल्पाइन लूपवर (उंच डोंगरातली कच्ची वाट) न्यायची फार इच्छा आहे. बाबांच्या कमरेचं दुखणं जुनं आहे, त्यामुळे आत्ताच्या अवस्थेत त्यांना या गाडीत बसवणार नाही.

प्रश्न असा: स्प्रिंगा बदलू, शॉक उघडून आतले व्हॉल्व्ह बदलून घेऊ, की नवे शॉकच घेऊ? ज्या दुकानात विचारलं त्यांनी दोनच मिनिटांत नव्या सेटचा भाव सांगितला. गाडीखाली कुणी डोकावलं नाही.

रानवाट

टायरमध्ये हवा किती? आणि टायर किती प्लायचे, म्हणजे थरांच्या हिशोबाने किती मजबूत? आधी हे सांगा, मग बाकीचं.

लालमाती_युटा

१६ पीएसआय. टायर ३० इंची, ८ प्लायचे, आधीच्या मालकाने घातलेले. रिम साधे आहेत, बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारे) नाहीत.

रानवाट

मग अर्धं उत्तर तिथेच आहे. १६ पीएसआय आणि ८ प्लाय म्हणजे टायरची बाजूची भिंत जवळपास लाकडी झाली. लहान दगड खरं तर टायरनेच गिळायचा असतो, शॉकपर्यंत तो पोचताच कामा नये. साध्या रिमवर खडकाळ वाटेला मी १०-१२ ठेवतो. त्याच्या खाली नको, वळणावर टायर रिमवरून सुटायची भीती. बीडलॉक असतील तर आणखी खाली जाता येतं. आणि चार माणसं व सामान घालून निघणार असाल तर एक-दोन पीएसआय वाढवा, नाहीतर धारदार दगडावर टायर आणि रिम दोन्ही चेपतात.

पुढच्या वेळी टायर घ्याल तेव्हा ६ प्लायचा विचार करा. ८ प्लायला छिद्रं कमी पडतात हे खरं, पण त्याची किंमत कमरेला द्यावी लागते. वजनही जास्त. जड चाक दगडावरून उडालं की ते खाली आणायला शॉकला जास्त झगडावं लागतं.

पिस्टन_आणि_तेल

सस्पेन्शन हाच माझा रोजचा धंदा (मिशिगन), म्हणून जरा सविस्तर लिहितो. लालमाती, नॉब फिरवून फरक पडला नाही याचं कारण आधी समजून घ्या. ते कळलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

शॉकच्या बाबतीत ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ म्हणतात तो वेग गाडीचा नसतो, शॉकच्या दांड्याचा असतो. गाडी वळणावर कलते, ब्रेक दाबल्यावर नाक खाली जातं, मोठ्या उंचवट्यावर सावकाश चढते, तेव्हा दांडा हळू आत जातो, सेकंदाला जेमतेम काही इंच. तुमचा नॉब मुख्यतः या हळू हालचालीवर चालतो. आता दगडाचं गणित बघा. ताशी १२ मैल म्हणजे सेकंदाला साडेसतरा फूट. चार इंची दगडावर चाक चढायला साधारण फूटभर अंतर धरलं तर वेळ मिळतो सेकंदाच्या साधारण सतराव्या भागाएवढा. चाक त्या वेळात सेकंदाला ७० इंचांच्या वेगाने वर जातं, शॉकचा दांडा ४०च्या आसपास. या वेगाला नॉबच्या बारीक भोकातून तेल जाऊच शकत नाही. ते पिस्टनवरच्या पातळ पोलादी चकत्या वाकवून वाट काढतं. त्यांना शिम म्हणतात. शिम जाड असतील तर नॉब कुठेही असू दे, दणका बसणारच.

म्हणजे लगेच शॉक उघडा असं मी म्हणत नाही. त्याच्या आधी तीन गोष्टी बघायच्या, आणि तिन्हींना जवळपास काही खर्च नाही.

पहिली, सांधे. गाडी जॅकवर घ्या, चाकं काढा, एका बाजूच्या शॉकचा खालचा बोल्ट काढून शॉक बाजूला करा आणि ए-आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारा दांडा) हाताने वर-खाली हलवा. स्वे बारची (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडा) कडीही सोडून ठेवा. आर्म विनासायास हलला पाहिजे आणि सोडला की आपोआप खाली आला पाहिजे. अधांतरी लटकून राहिला, कुरकुरला, तर बुश (सांध्यातल्या नळ्या) कोरडे पडलेत किंवा आत लाल चिखल बसलाय. मागचे ट्रेलिंग आर्म आणि रेडियस रॉडही असेच तपासा. जुन्या गाड्यांत लहान दगडांचा अर्धा त्रास या घर्षणाचा असतो: हलका दणका घर्षण मोडूच शकत नाही, तो जसाच्या तसा सांगाड्यात जातो. ग्रीसचे निपल असतील तर जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. नसतील तर बुश काढून साफ करून, झिजले असतील तर नवे.

दुसरी, उभी उंची. एक्सपी १०००ची कारखान्यातून येताना जमिनीपासूनची मोकळी उंची साडेतेरा इंच असते. तुमची किती आहे ते मोजून लिहा, माणसं आणि नेहमीचं सामान घालून. जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजू नका. चाकं आतल्या बाजूला ओढलेली असतात, गाडी उगाच उंच दिसते. वीस-तीस फूट पुढे-मागे चालवा, सपाट जागी थांबवा, मग टेप लावा.

तिसरी, किती ट्रॅव्हल (वर-खाली हलायची एकूण जागा) वापरला जातो. प्रत्येक शॉकच्या दांड्यावर एक झिप टाय घट्ट बांधा, दांड्यावर ओरखडा येणार नाही अशा बेताने, आणि बॉडीला टेकवून ठेवा. मग नेहमीची सगळ्यात खराब वाट चालून या. झिप टाय जिथे ढकलला गेला तिथपर्यंत शॉक दबला. शेवटचा एक-तृतीयांश भाग कोराच राहत असेल तर तुम्ही पैसे मोजून घेतलेला ट्रॅव्हल वापरतच नाही आहात.

या आकड्यांशिवाय सल्ला देणं म्हणजे अंदाजपंचे.

गवती_चहा

मी चालवत नाही, शेजारी बसते. (फिनिक्सला असतो आम्ही, ब्रॅडशॉच्या डोंगरात जातो.) एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते, कारण चालवणाऱ्याला ती कळत नाही. चालवणाऱ्याला दगड आधी दिसतो, अंग आपोआप तयार होतं, हाताला स्टिअरिंगचा आधार असतो. शेजारच्याला यातलं काहीच नाही. चार सीटच्या गाडीत मागच्यांचं तर आणखी अवघड, ते मागच्या चाकाच्या जवळ बसतात आणि समोरची वाट त्यांना नीट दिसत नाही.

तेव्हा लालमाती, गाडीत बदल केल्यावर तुमच्या आई-बाबांना बसवायच्या आधी तुम्ही स्वतः मागच्या सीटवर बसा आणि तुमच्या मिसेसना चालवायला सांगा. तीच खरी परीक्षा. बाबांना पुढे बसवा, मागे नको. सीटच्या कण्याच्या बाजूचा फोम बसला असेल तर तोही बघा. आणि हार्नेसचा कमरेचा पट्टा आधी घट्ट, मग खांद्याचे. आधी खांद्याचे ओढले तर पट्टा पोटावर चढतो, आणि प्रत्येक दणका तिथे बसतो.

लालमाती_युटा

गवती_चहा ताई, मनापासून आभार. हे खरंच सुचलं नव्हतं. मागे बसून पाहतो.

पिस्टन दादा, सांगितल्याप्रमाणे मोजलं:

दोघं मोठी आणि मुलगी, शीतपेटी, सुटं टायर, अवजारं घालून उंची पुढे १५ इंच, मागे साडेपंधरा. मागच्या शॉकवर प्रीलोडची कॉलर (स्प्रिंगला वरून दाबून धरणारी आट्यांची चकती) पार खाली आवळलेली दिसते, पुढेही बरीच. झिप टायने सांगितलं की पुढे साधारण ५५-६० टक्के ट्रॅव्हल वापरला गेला, मागे अर्ध्याला थोडा जास्त. सँड फ्लॅट्समधल्या सगळ्यात वाईट पायऱ्यांवरून जाऊनही.

उजव्या बाजूचा पुढचा खालचा ए-आर्म हाताने वर उचलला तर तिथेच राहिला. खाली आलाच नाही. बुशच्या कडेला बोटाने खरवडलं तर विटेच्या भुकटीसारखी लाल माती निघाली, आत ग्रीसचा मागमूस नाही. डावा त्या मानाने बरा.

टायर १२ वर आणले. रानवाट, तेवढ्यानेच स्टिअरिंगची थरथर बरीच कमी झाली.

पिस्टन_आणि_तेल

व्वा, आता चित्र स्पष्ट झालं. बुश आधी नवे करून घ्या. तो आर्म हलत नाही तोवर बाकी काहीही केलं तरी समजणार नाही की फरक कशाने पडला.

आता उंची. एक्सपी ४ला चाकाचा एकूण ट्रॅव्हल पुढे १६ आणि मागे १८ इंच. उभ्या अवस्थेतून चाकाला खाली लटकायलाही जागा लागते, साधारण एकूण ट्रॅव्हलचा पाव ते एक-तृतीयांश. म्हणजे पुढे चार ते पाच इंच, मागे साडेचार ते सहा. कॉलर आवळून गाडी उचलली की ही खालची जागा जाते. मग वाटेत खड्डा आला की चाक खाली जाऊन त्याचा तळ शोधत नाही, कारण शॉक आधीच पूर्ण लांब झालेला असतो. गाडीच अख्खी खड्ड्यात पडते. शॉक टोकाला आपटल्याचा कोरडा ‘ठक्क’ आवाज येतो, लक्ष देऊन ऐका. उंच गाडीला एक्सलचे सांधेही जास्त तिरके राहतात, ते लवकर जातात.

बऱ्याच जणांना वाटतं की प्रीलोड सैल केला की स्प्रिंग मऊ होते. स्प्रिंगचा दर (ती एक इंच दाबायला लागणारं वजन) तोच राहतो. बदलते ती उंची, आणि चाकाला खाली जायची मोकळीक परत मिळते. गाडी मऊ वाटते ती त्यामुळे.

किती सोडायचं? या गाड्यांत शॉक चाकाच्या आत बसलेला असतो, म्हणून चाक एक इंच हललं तर शॉक त्याहून कमी हलतो. गुणोत्तर साधारण ०.६ धरा. उंची दीड इंच कमी करायची तर कॉलर पाऊण ते एक इंच वर घ्या. गाडी जॅकवर, चाक हवेत, आटे ब्रशने साफ करून त्यावर जरा वंगण, मगच पाना लावा. वाळू असताना फिरवली तर आटे खाल्ले जातात. पुढे साडेतेरा, मागे अर्धा इंच कमी, इथे यायचं लक्ष्य ठेवा.

आणि इथेच नव्वद टक्के लोक थांबतात, म्हणून पुढचं नीट वाचा.

तुमच्या शॉकवर दोन स्प्रिंगा एकावर एक आहेत. वरची छोटी टेंडर, खालची लांब मेन, मध्ये प्लॅस्टिकचा सरकता भाग. दोन्ही एकत्र दबतात तेव्हा एकूण दर दोघींपेक्षाही कमी असतो. समजा टेंडर १०० पौंड प्रति इंच आणि मेन २००, तर जोडीचा दर होतो सुमारे ६७. काही शॉकवर बॉडीच्या आट्यांवर एक क्रॉसओव्हर रिंग असते. शॉक दबता दबता सरकता भाग तिला टेकला की टेंडरचं काम संपतं आणि पुढे एकटी २००ची मेन उरते. ६७वरून एकदम २००. रिंग नसेल तर टेंडरची वेटोळी एकमेकांना टेकतात तेव्हा हाच बदल होतो.

आता तुम्ही कॉलर एक इंच वर घेतली, तर तिच्यासोबत टेंडर आणि सरकता भागही इंचभर वर आले. रिंग मात्र होती तिथेच. म्हणजे सरकता भाग रिंगच्या इंचभर जवळ आला, आणि २००चा दर आता आधीपेक्षा लवकर सुरू होणार. उंची बरोबर करून सुद्धा ‘गाडी आणखीनच कडक झाली’ अशी तक्रार घेऊन लोक येतात ती यामुळे. कॉलर जेवढी वर घ्याल, तेवढीच रिंगही वर घ्या. मग चालवून बघा, आणि आणखी मऊ हवं असेल तर रिंग अजून अर्धा इंच वर.

सॅन_हुआनचा_वारा

उत्कृष्ट माहिती. दुरँगोजवळ राहतो, अल्पाइन लूपवर दर उन्हाळ्यात जाणं होतं. माझा सल्ला: मागचा स्वे बार सोडून द्या. दोन्ही बाजूच्या कड्या काढल्या की डावं चाक दगडावर चढताना उजव्या बाजूला ओढत नाही. सावकाश वाटेवर जमीन-अस्मानाचा फरक पडतो, खर्च शून्य.

पिस्टन_आणि_तेल

वारा, सावकाश दगडी वाटेपुरतं बरोबर आहे. पण लालमातींच्या बाबतीत मी ते शेवटी ठेवेन. चार माणसं भरलेली, ११७ इंची व्हीलबेस, उंच गाडी, आणि डोंगराच्या कडेने आडव्या उतारावरची वाट. बार नसेल तर गाडी दरीच्या बाजूला जास्त कलते आणि आतल्यांना भीती वाटते, विशेषतः पहिल्यांदा बसणाऱ्यांना. शिवाय कड्या काढल्यावर बारचे दांडे मोकळे आपटता कामा नयेत, बांधावे लागतात किंवा बारच काढावा लागतो. आणि डांबरी रस्त्यावरून वेगाने परत यायचं असेल तर बार जागेवर हवाच.

सॅन_हुआनचा_वारा

चार माणसं भरल्याचा मुद्दा मान्य. आम्ही दोघंच असतो, म्हणून कधी जाणवलं नाही.

अल्पाइन लूपला येणार असाल तर उंचीचंही लक्षात ठेवा. ऊरे गाव ७,७९२ फुटांवर आहे आणि एंजिनिअर पास १२,८०० फुटांवर. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे गावात १२ पीएसआयवर भरलेलं टायर माथ्यावर गेजवर जवळपास १४ दाखवतं. थंडीने त्यातलं थोडं परत कमी होतं, पण तुम्ही सॉल्ट लेकला हवा भरून निघालात तर फरक आणखी मोठा. गाव सोडल्यावर पहिल्या थांब्यावर एकदा आणि वर एकदा तपासा. कमी दाब मोजणारा गेज ठेवा, पेट्रोल पंपावरचा ६० पीएसआयचा नको, त्यावर दोनाचा फरक दिसतच नाही.

आणि बाबांसाठी: सिल्व्हरटनहून अ‍ॅनिमस फोर्क्सपर्यंतची वाट त्या मानाने सौम्य आहे, ओसाड खाणगाव बघायला मिळतं. ऊरेच्या बाजूने एंजिनिअरचा खालचा भाग खडबडीत पायऱ्यांचा आहे, तिकडून सुरुवात नका करू.

रानवाट

वाटांचा विषय निघालाच आहे तर: युटात २०२३पासून साइड-बाय-साइड चालवणाऱ्या प्रत्येकाला ऑनलाइन शिक्षणाचा कोर्स सक्तीचा आहे. पाहुण्यांपैकी कुणाला चालवायला देणार असाल तर आधी करून घ्या.

टेकडीखालचा

पुण्यातून वाचतोय. माझ्याकडे जुनी जिप्सी आहे, चारही बाजूंना पाटे. शॉक बदलले तरी लहान खड्ड्यांत हाडं खिळखिळी होतात. इथलं काही मला लागू पडतं का?

पिस्टन_आणि_तेल

प्रीलोड आणि रिंग नाही, पण घर्षणाचा मुद्दा शंभर टक्के. पाट्यांच्या पानांमध्ये गंज आणि माती बसली की पानं एकमेकांवर सरकत नाहीत, आणि लहान धक्का सरळ चासीत जातो. पाटे उतरवून, पानं सुटी करून, तारेच्या ब्रशने साफ करून ग्राफाइटचं ग्रीस लावा. शॅकलचे (पाटा चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश बघा. टायरची हवा बघा. शॉक त्यानंतर.

लालमाती_युटा

सगळ्यांना कळवतो. दोन्ही बाजूंचे पुढचे बुश बदलले, मागचे साफ करून ग्रीस मारलं. आता शॉक सोडला की आर्म आपल्या वजनाने खाली येतो. कॉलर वर घेतल्या, उंची पुढे साडेतेरा, मागे तेरा. पुढच्या शॉकवर रिंगा होत्या, त्याही तेवढ्याच वर घेतल्या. मागे रिंगा नाहीत.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे बायकोने गाडी चालवली आणि मी मागे बसलो. पुढचा भाग आता खूप सुधारलाय. मागे मात्र दोन गोष्टी जाणवल्या. सुट्या दगडांचा दणका कमी झालाय पण गेलेला नाही. आणि खराब रस्त्यावर, जिथे पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात, तिथे २०च्या वर वेग गेला की मागची बाजू हळूहळू कडक होत जाते आणि मग कडेला सरकते. झिप टाय आता मागे ७० टक्क्यांवर.

एका मित्राने सुचवलं की शॉकमधला नायट्रोजन थोडा कमी कर, मऊ होईल. करू का?

पिस्टन_आणि_तेल

नायट्रोजनला हात लावू नका. हे ठामपणे सांगतो.

तो वायू तेलाला दाबून ठेवायला असतो, म्हणजे पिस्टन वेगाने सरकताना मागे पोकळी होऊन तेलाला फेस येऊ नये. दाब साधारणतः २०० पीएसआयच्या आसपास असतो. दांडा पाच-अष्टमांश इंची असेल तर २०० पीएसआयने तो बाहेर ढकलला जातो फक्त ६१ पौंडांनी. दाब १५०वर आणला तर ४६. म्हणजे कमावलं किती, तर १५ पौंड. गमावलं काय, तर लांब उतारावर शॉक तापला की तेलाला फेस येणार आणि डँपिंगच (शॉकचा हालचालीला होणारा विरोध) नाहीसं होणार, तेही नेमकं कड्याच्या वाटेवर. शिवाय टायरचा गेज लावला तरी त्या छोट्या जागेतला वायू गेजच्या नळीत जाऊन दाब पडतो, म्हणून मोजायलाही वेगळं साधन लागतं. कंप्रेसरची हवा भरणं तर अजिबात नको, तिच्यात दमट वाफ असते. आणि दाब पूर्ण सोडल्याशिवाय रिझर्व्हॉयरचं (शॉकला जोडलेल्या वायूच्या डबीचं) झाकण उघडायचा प्रयत्न कुणी करू नये. ते झाकण गोळीसारखं उडतं.

आता लाटांचं. मागची बाजू ‘हळूहळू कडक होते’ हे तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. रिबाउंड (शॉक परत लांब होताना होणारा विरोध) जास्त आहे. शॉक दबला, पण परत लांब व्हायला वेळ घेतोय, आणि तेवढ्यात पुढची लाट येते. जिना उतरताना पाय सरळ व्हायच्या आत पुढची पायरी यावी तसं. दर लाटेला शॉक थोडा खालीच राहतो, शेवटी ट्रॅव्हलच्या कडक भागात जाऊन बसतो, चाकाची पकड जाते आणि मागची बाजू सरकते.

(या लाटा गाड्यांच्या वाईट सस्पेन्शनमुळे पडतात असा समज आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाळूच्या फिरत्या तबकडीवर नुसतं चाक चालवून पाहिलं होतं. स्प्रिंग नसलेल्या चाकाखालीही ठरावीक वेगाच्या वर लाटा उठल्या. तेव्हा रस्ते असेच राहणार, जुळवून घ्यायचं ते गाडीने.)

तुमच्या शॉकवर रिबाउंडचा बाहेरून नॉब नाही. त्यामुळे मागचे दोन शॉक उघडणं आता रास्त आहे. तसंही २०१६चं तेल आत असेल तर ते करड्या पाण्यासारखं झालेलं असणार, बदलायलाच हवं. एकदा उघडतोय तर शिमही बदलून घ्या. शिमचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ०.०१० इंची शिमच्या जागी ०.००८ची बसवली तर तिचा कडकपणा जवळपास निम्मा होतो, फरक केसाएवढाही दिसत नाही. म्हणून हे काम रोज शिम रचणाऱ्याकडेच द्या. मागचा शॉक नीडल प्रकारचा आहे, शेवटच्या भागात त्याचं डँपिंग आपोआप वाढतं, त्यामुळे सुरुवात मऊ केली तरी तळाला आपटायची भीती कमी.

गवती_चहा

दुकानदाराला काय सांगायचं तेही लिहा ना. आमच्या इथे नवऱ्याने नुसतं ‘मऊ करा’ सांगितलं होतं, आणि गाडी बोटीसारखी डुलायला लागली. एका ठिकाणहून परत दुसऱ्याकडे न्यावी लागली.

पिस्टन_आणि_तेल

बरोबर ताई. ‘मऊ’ म्हणजे प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. एका कागदावर हे द्या: नेहमीची माणसं व त्यांची वजनं, सामानाचं वजन, टायरचा आकार आणि प्लाय, चालवायचा वेग, वाट कशी (सुटे दगड, खडकाच्या पायऱ्या, लाटा की वाळू), सध्याची उंची, आणि झिप टायचे आकडे. मग हवं काय ते वेगवेगळं सांगा. लालमाती, तुम्ही असं लिहा: ‘मागे हाय स्पीड कॉम्प्रेशन कमी, रिबाउंड कमी, लो स्पीड आहे तेवढंच.’ लो स्पीड ठेवलं की गाडी डुलत नाही, आणि नॉब फिरवायला जागा राहते. मऊ स्प्रिंगा आत्ता घेऊ नका. मागे ७० टक्के ट्रॅव्हल वापरला जातोय, आई-बाबा बसले की तो वाढेलच.

चांगल्या कामाची एक खूण: शॉक परत देताना तो जुन्या आणि नव्या शिमची यादी देतो. ती मागून घ्या. पुढे कधी बदल करायचा झाला तर तिथून पुढे जाता येतं.

लालमाती_युटा

कागद तयार केला, मागचे शॉक काढून दिलेत. यादी देणार का हे आधीच विचारलं, हो म्हणाले. इकडच्या पहिल्या दुकानापेक्षा हा माणूस वेगळा आहे, त्याने स्वतःहून टायरची हवा विचारली.

एक शेवटची शंका. आई-बाबा बसले की मागे साधारण ३०० पौंड वाढतील. तेव्हा कॉलर परत आवळायची का?

पिस्टन_आणि_तेल

हो, पण मोजून. सगळ्यांना बसवा, थोडं चालवा, उंची घ्या. मागची बाजू साडेबाराच्या खाली गेली तरच आवळा, आणि जेवढी लागेल तेवढीच, दोन्ही बाजूंना सारखे फेरे. आटे मोजून कागदावर लिहून ठेवा म्हणजे ते गेल्यावर परत सोडता येईल. वजन वाढल्यावर मागचा कॉम्प्रेशनचा नॉब तीन-चार खाचा कडक करा, टायर १३-१४ वर. आणि पुढच्या बाजूला हात लावू नका, ती आता बरोबर बसली आहे.

सॅन_हुआनचा_वारा

जुलैअखेरीस या, पास तोवर नक्की मोकळे झालेले असतात. दुपारी एकनंतर वर विजा कडाडतात, म्हणून सकाळी सातला निघून माथा अकराच्या आत ओलांडा. ऊरेला हवा तपासायला थांबाल तेव्हा इथे कळवा, आम्हीही येतो.